डाव्या सीटवर कोण बसलंय?

किल्ली फिरवली की गाडीच्या डॅशबोर्डवर क्षणभर दिवाळी होते. ऑइलचा दिवा, बॅटरीचा दिवा, इंजिनाचा पिवळा दिवा, एबीएस... आणि त्या गर्दीत एक छोटासा लाल दिवा असतो. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीपुढे एक मोठा गोळा. तो तीन-चार सेकंद पेटतो, विझतो, आपण पहिला गिअर टाकतो आणि निघतो.

विझला तर उत्तम. नाही विझला तर मित्रमंडळींकडून ठरलेला सल्ला मिळतो: "अरे काही नाही रे, सीटखालच्या सेन्सरचा लोचा असतो. रिसेट मारून घे, झालं काम."

या वीकेंडला याच 'सेन्सरच्या लोच्या'वर लिहायचं ठरवलंय. विषय गॅरेजचा वाटेल, पण थोडं खणलं की खाली सत्तर वर्षांचा इतिहास निघतो. त्यात पेटंटं आहेत, कायदे आहेत, आपल्या ओळखीचे सॉफ्टवेअरचे बग आहेत आणि दुर्दैवाने लहान मुलांचे मृत्यूही आहेत. आपलं औरंगाबादही (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) या गोष्टीत दोन-तीनदा डोकावतं.

सुरुवात करू १९५२ पासून. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूपोर्ट नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे जॉन हेट्रिक नावाचा इंजिनिअर राहायचा. एका रविवारी तो बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन फिरायला निघाला. तिघंही पुढच्या सीटवर होते. चढ संपला आणि समोर रस्त्यात मोठा दगड! त्याने ब्रेक मारला, गाडी खड्ड्यात घातली, आणि त्याच क्षणी नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे गेले. कोणाला काही झालं नाही. पण घरी येऊन हेट्रिक विचार करत बसला, की हाताऐवजी गाडीतूनच काहीतरी मऊ पुढे आलं तर? नौदलात असताना त्याने टॉर्पेडोची दाबलेली हवा अचानक सुटून त्यावरचं कॅनव्हास छतापर्यंत उडालेलं पाहिलं होतं. तेच डोक्यात ठेवून त्याने ऑगस्ट १९५२ मध्ये अर्ज केला आणि ऑगस्ट १९५३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. जर्मनीत वॉल्टर लिंडरर याने असाच अर्ज १९५१ सालीच करून ठेवला होता. दोघांनाही त्यातून पैसा काही मिळाला नाही, पण ते असो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एअरबॅगची कल्पना मुळात पुढच्या सीटवरच्या लहान मुलीला वाचवण्यासाठी सुचली होती.

कल्पना होती, पण ती चालेना. कारण वेळ! गाडी ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळली तर सगळा खेळ साधारण १०० मिलिसेकंदांत संपतो. म्हणजे पिशवी ३० ते ५० मिलिसेकंदांत फुगून तयार हवी. आपल्या पापणीची उघडझापसुद्धा याहून सावकाश होते. दाबलेली हवा तेवढ्या वेगाने पिशवी भरू शकत नव्हती. मग रासायनिक स्फोटकं आली. सोडियम अझाइडच्या गोळ्या पेटवायच्या आणि तयार होणाऱ्या नायट्रोजनने पिशवी भरायची. थोडक्यात काय, तर आपल्या समोरच्या डॅशबोर्डात एक छोटा सुतळी बॉम्ब आहे. (उपमा आहे हो, लगेच गाडी सोडून पळू नका :-))

दुसरा प्रश्न होता हा बॉम्ब लावायचा कधी. खड्ड्यात चाक आपटलं तर नाही, भिंतीवर आदळलं तर मात्र नक्की. हा फरक ओळखणारा पहिला भरवशाचा आणि स्वस्त सेन्सर १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ॲलन ब्रीड याने केला. एका नळीत एक धातूची गोळी, ती मागे धरून ठेवणारा चुंबक आणि पुढे दोन संपर्कबिंदू. धक्का पुरेसा मोठा आणि पुरेसा लांब असेल तरच गोळी चुंबकाची पकड सोडून पुढे जाते आणि सर्किट पूर्ण होतं. ब्रीडचा मूळ धंदा लष्करी दारूगोळ्याचे फ्यूज करण्याचा! म्हणजे 'कधी फुटायचं' हे ठरवण्यात हा माणूस आधीपासूनच तयारीचा होता.

१९७३ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल टोरोनाडो ही एअरबॅग असलेली गाडी सामान्य ग्राहकांसाठी काढली. पुढची तीन वर्षं साधारण दहा हजार गाड्यांत एअरबॅग बसवल्या गेल्या आणि मग मागणी नाही म्हणून प्रकरण गुंडाळलं गेलं. मर्सिडीजने १९८१च्या सुमाराला एस-क्लासमध्ये ड्रायव्हरसाठी एअरबॅग दिली. १९८७ मध्ये पोर्शे ९४४ टर्बोत ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी, दोघांनाही मिळाली. आणि १९९१ च्या कायद्याने अमेरिकेने ठरवून टाकलं की १९९८ च्या मॉडेलपासून प्रत्येक कारमध्ये पुढच्या दोन्ही एअरबॅग हव्यातच.

खरी गंमत (खरं तर गंमत नाहीच) इथून पुढे आहे.

अमेरिकन लोक तेव्हा सीटबेल्ट लावायचे नाहीत. ओळखीचं वाटतंय ना? त्यामुळे तिथल्या सरकारी मानकाने एअरबॅगची परीक्षा ठरवली ती बेल्ट न लावलेल्या, सरासरी बांध्याच्या प्रौढ पुरुषाच्या पुतळ्यावर. ताशी ४८ किलोमीटरने आदळताना बेल्टशिवायचा पुरुष थांबवायचा, तर पिशवी तितकीच जोरकस हवी. म्हणून ती ताशी २५० ते ३०० किलोमीटरच्या वेगाने बाहेर यायची. स्पेसिफिकेशनमध्ये एकच युजर होता, आणि तो म्हणजे सरासरी पुरुष. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

त्या स्पेसिफिकेशनमध्ये लहान मूल नव्हतं. सीटच्या काठावर उभं राहून काचेबाहेर बघणारं मूल, आईच्या मांडीवरचं बाळ, किंवा पाठ पुढे करून बसवलेल्या बेबी-सीटमधलं तान्हं... या सगळ्यांची डोकी पिशवीच्या अगदी तोंडाशी. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे १९९० ते २००८ या काळात किरकोळ वेगाच्या अपघातांत पुढच्या एअरबॅगच्या धक्क्याने २९० हून जास्त माणसं मेली. त्यांतले जवळजवळ ९० टक्के मृत्यू १९९८ पूर्वी बनलेल्या गाड्यांतले. शेजारच्या सीटवर जे गेले, त्यांत ९० टक्क्यांहून जास्त लहान मुलं आणि तान्ही बाळं होती. हेट्रिकने मुलीसाठी काढलेल्या पिशवीने हे केलं.

त्याच वेळी एअरबॅगने हजारो जीव वाचवले होते, हेही तितकंच खरं. म्हणून ती काढून टाकणं हा उपाय नव्हता. आधी १९९७ मध्ये पिशवीचा जोर कमी करायला परवानगी मिळाली. मग मे २००० मध्ये नवा नियम आला आणि सप्टेंबर २००३ ते सप्टेंबर २००६ या काळात तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. या नियमाने गाडीला एक नवीन प्रश्न विचारायला शिकवलं: शेजारच्या सीटवर कोण बसलंय? आता परीक्षेला एक वर्षाच्या, तीन वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलांचे पुतळे आले, लहान चणीच्या बाईचा पुतळा आला. मूल दिसलं तर एअरबॅग बंद राहायला हवी, नाहीतर इतकी हळू उघडायला हवी की इजा होणार नाही.

तर मंडळी, शेजारच्या सीटखाली जो सेन्सर आणि ज्या वायरी आहेत, त्यांचा जन्म हा असा आहे.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला इंजिनिअरांनी बरेच मार्ग काढले. कोणी सीटच्या फोमखाली द्रवाची चपटी पिशवी ठेवून तिचा दाब मोजला. कोणी प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर दाब ओळखणाऱ्या पट्ट्या छापून ती चटई गादीत घातली. कोणी सीट ज्या चार बोल्टांवर उभी असते तिथेच वजन मोजणारे सेन्सर बसवले. कोणी शरीराने विद्युतक्षेत्रात होणारा बदल मोजला. ऐकायला सोपं वाटतं. पण वीस किलोची गव्हाची गोणी, वीस किलोचं मूल आणि पाय वर घेऊन एका अंगाला रेललेली बारीक चणीची बाई यांत फरक करून बघा बरं! युरोपात बऱ्याच कंपन्यांनी वेगळी वाट धरली. किल्लीने फिरवायचा एक स्विच दिला आणि बेबी-सीट लावताना एअरबॅग बंद करण्याची जबाबदारी माणसावर सोडली.

आता आपल्याकडे येऊ. भारतात हा प्रवास उशिरा झाला, आणि क्रमही जरा मजेशीर आहे. १ जुलै २०१९ पासून कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. त्याच नियमात ड्रायव्हर आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी सीटबेल्टची आठवण करून देणारा बझर आला. म्हणजे डाव्या सीटवर कोणी बसलंय का, हे सगळ्याच गाड्यांना कळणं आपल्याकडे आधी सक्तीचं झालं, आणि डाव्या सीटची एअरबॅग नंतर. ती नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून आणि चालू मॉडेलांना ३१ डिसेंबर २०२१ पासून लागू झाली. शिवाय आपल्या साध्या गाड्यांतली सीटची चटई बहुतेक वेळा 'कोणीतरी आहे' एवढंच सांगते. 'मूल आहे की मोठा माणूस' हे सांगणं तिचं कामच नसतं. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

औरंगाबाद मात्र या बाबतीत देशाच्या थोडं पुढे होतं. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि शहराला गाड्यांची भाषा कळायला लागली. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाने ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. पुढे त्याच आवारात ऑडीच्या गाड्याही जुळू लागल्या. मग ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एका दिवसात १५० मर्सिडीज विकत घेतल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या! देशभर बातम्या झाल्या. तेव्हा त्या बातमीत सगळ्यांना दिसला तो पैसा. मला आज त्यात वेगळंच काही दिसतं. देशात एअरबॅगची सक्ती यायच्या नऊ वर्षं आधी या शहरात एअरबॅगवाल्या गाड्यांची अख्खी पिढी रस्त्यावर आली होती. अशा महागड्या गाड्या पुढे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातात, आणि कंपनीच्या वर्कशॉपमधून गल्लीतल्या गॅरेजमध्ये येतात. पंधरा वर्षांत इंजिन टिकतं, पत्रा टिकतो. कुरकुरायला लागतात त्या वायरी आणि कनेक्टर.

आणि इथेच फॉल्ट शोधण्याची खरी कला सुरू होते.

एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात. हात लावण्यापूर्वी विचार करा, एवढाच त्या रंगाचा अर्थ. गाडीच्या मधोमध, गिअरच्या आसपास खाली एक कंट्रोल युनिट असतं. ते गाडी चालू असताना प्रत्येक पेटवणीतून अगदी बारीकसा करंट सोडून तिचा रेझिस्टन्स मोजत राहतं. तो साधारण २ ओहम असतो. आता कनेक्टरच्या पिनवर थोडा गंज चढला आणि एखादा ओहम वाढला, तर हेडलाइटसारख्या ठिकाणी कदाचित तुमच्या लक्षातही येणार नाही. इथे मात्र २ चे ३ किंवा ४ झाले की युनिट म्हणतं, मला आता खात्री नाही. मग ते लाल दिवा लावतं आणि एक कोड लिहून ठेवतं. म्हणजे त्या दिव्याचा अर्थ 'एअरबॅग खराब आहे' असा नाही. त्याचा अर्थ 'वेळ आली तर मी काम करेन याची मला खात्री देता येत नाही' असा आहे. बऱ्याच गाड्यांत दिवा लागला की संबंधित भाग किंवा अख्खी यंत्रणाच बंद ठेवली जाते.

सीटखालचीच वायर का बिघडते? कारण ती एकटीच रोज हलते. सीट पुढे-मागे होते, वायर ताणली जाते. सीटखाली पाण्याची बाटली लोळते, छत्री कोंबली जाते, पावसाळ्यात चपलांचा चिखल पाझरतो, वॉशिंगवाला व्हॅक्यूमची नळी खुपसतो. शिवाय आपल्याकडे नवी गाडी घेतली की पहिलं काम सीट कव्हर! ते ताणून बसवताना गादीतल्या चटईला घडी पडली की संपलं. फॉल्ट येतो-जातो, कधी दिसतो, कधी नाही. प्रॉडक्शनमध्ये येणारा आणि आपल्या मशीनवर कधीच न येणारा बग आठवा, तोच हा.

शोधण्याची रीत मात्र ठरलेली आहे. पहिलं, कोड वाचायचा. हजार रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर इथे सहसा चालत नाही. गाडीतला तो ओबीडीचा सॉकेट कायद्याने आला तो धुरासाठी (आपल्याकडे २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत), त्यामुळे स्वस्त यंत्रं इंजिनाचे कोड वाचतात, एअरबॅगचे नाही. त्या कंपनीची भाषा कळणारा स्कॅनर लागतो. दुसरं, कोडमध्ये 'रेझिस्टन्स जास्त' आहे की 'कमी', की 'सीट सेन्सर उत्तर देत नाही', हे बघायचं. प्रत्येकाची वाट वेगळी. तिसरं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मॅन्युअलमध्ये दिली असतील तेवढी मिनिटं थांबायचं. कारण अपघातात बॅटरी तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून युनिटमध्ये कपॅसिटर भरून ठेवलेला असतो. चौथं, एअरबॅगच्या पेटवणीला साधा मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. रेझिस्टन्स मोजायला मीटर करंट सोडतो, आणि तेवढ्यानेही पिशवी उडू शकते.

मग मोजायचं कसं? इथे कंपन्यांची युक्ती सुंदर आहे. एअरबॅगचा कनेक्टर काढायचा आणि तिच्या जागी तेवढ्याच ओहमचा डमी रेझिस्टर लावायचा. फॉल्ट गेला, तर वायर चांगली आणि दोष एअरबॅगच्या बाजूला. फॉल्ट तसाच राहिला, तर दोष वायर, कनेक्टर किंवा युनिटमध्ये. मग सीट पुढे-मागे करत, वायर हळूच हलवत स्कॅनरवर आकडा कुठे उडी मारतो ते बघायचं. दोष पकडला की वाटेत चिकटपट्टी न गुंडाळता कनेक्टर नीट बदलायचा. थोडक्यात, आपण युनिट टेस्टमध्ये खऱ्या सर्व्हिसच्या जागी मॉक लावतो, तेच हे. मॉक लावून प्रश्न दोन भागांत तोडायचा आणि काम झालं की मॉक काढायचा.

काढायचा, हा शब्द महत्त्वाचा. कारण बाजारात नेमकं तेवढंच होत नाही.

माझ्या एका मित्राने इथेच शहरात एक जुनी सेडान घेतली. दिवा बंद, सगळं व्यवस्थित. महिन्याभराने शेजारच्या सीटचा बेल्ट अडकायला लागला म्हणून आम्ही ती एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. मीही हौसेने वाकून बघत होतो. सीट काढल्यावर पिवळ्या कनेक्टरच्या आधीच वायर कापलेली दिसली, आणि तिच्या टोकाला काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक रेझिस्टर. उस्ताद हसले आणि म्हणाले, "बत्ती बुझा दी है साहब, बीमारी वैसीच है." सीटमधल्या एअरबॅगपर्यंत वायर जातच नव्हती. कंट्रोल युनिट बिचारं दर वेळी दोन ओहम मोजत होतं आणि सगळं ठीक आहे म्हणून दिवा विझवत होतं. कोणी विकताना केलं, कधी केलं, देव जाणे. मित्राने कनेक्टर आणि तो वायरचा तुकडा रीतसर बदलून घेतला. पण घरी येईपर्यंत तो एकच वाक्य बोलत होता, "या सीटवर रोज आई बसते रे."

म्हणजे टेस्टिंगचा मॉक प्रॉडक्शनला गेला होता! आणि तो नजरचुकीने नाही, जाणूनबुजून.

सेन्सरचं चुकीचं उत्तर किती महाग पडतं याचे पुरावे मोठ्या कंपन्यांकडेच आहेत. निसानने मार्च २०१४ मध्ये सुमारे ९ लाख ९० हजार गाड्या परत बोलावल्या, कारण शेजारच्या सीटवर मोठा माणूस बसलेला असतानाही सॉफ्टवेअर सीट रिकामी समजू शकत होतं. म्हणजे हवी तेव्हा एअरबॅग बंद! तोच प्रश्न सुटला नाही म्हणून २०१६ मध्ये पुन्हा ३० लाखांहून जास्त गाड्या बोलवाव्या लागल्या. होंडाचं २०२४ मध्ये बरोबर उलटं झालं. शेजारच्या सीटखालच्या वजनाच्या सेन्सरमधला एक कपॅसिटर दमट हवेने तडकून शॉर्ट होऊ शकत होता, आणि मग मूल बसलेलं असतानाही एअरबॅग बंद होणार नव्हती. अमेरिकेत साडेसात लाख गाड्या परत आल्या. एकीकडे माणूस असून दिसत नाही, दुसरीकडे मूल असून ओळखू येत नाही. दोन्ही चुकांची किंमत सारखीच, एक जीव.

जनरल मोटर्सची गोष्ट तर प्रत्येक इंजिनिअरने वाचावी अशी आहे. तिथे एअरबॅग ठीक होत्या, सेन्सर ठीक होते. इग्निशनचा स्विच सैल होता. किल्लीला धक्का लागला की तो मागे सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगचा वीजपुरवठाही जायचा. एका खटल्यासाठी तपास करताना मार्क हूड नावाच्या इंजिनिअरने बाजारातून त्याच पार्ट नंबरचा नवा स्विच आणला, आणि तो जुन्यापेक्षा वेगळा निघाला! कंपनीत आतला भाग गुपचूप सुधारला होता, पण पार्ट नंबर बदललाच नव्हता. कोड बदलायचा आणि व्हर्जन तेच ठेवायचं, त्यातला प्रकार. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या बोलावल्या गेल्या आणि भरपाई देताना १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य झाले.

आपल्याकडेही जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये दोष असू शकतो म्हणून १७,३६२ गाड्या बोलावल्या, आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असंही सांगितलं. मला हे वाचून कंपनीची लाज नाही वाटली, उलट बरं वाटलं. दोष सापडला आणि तो सांगितला.

आता बाजाराकडे बघा. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना आदेश देऊन एक वस्तू काढायला लावली. सीटबेल्टच्या खाचेत घालायची नुसती क्लिप, जेणेकरून बेल्ट न लावताच बझर गप्प बसावा. अशा १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. म्हणजे बझर ओरडू नये म्हणून वस्तू विकत घेणारे आपल्यात भरपूर आहेत. रेझिस्टर लावून दिवा विझवणं हे त्याच वृत्तीचं पुढचं पाऊल. आणि गंमत म्हणजे एअरबॅगचं अधिकृत नावच 'पूरक' यंत्रणा असं आहे. ती पूरक आहे बेल्टला. बेल्टशिवाय पुढे फेकला गेलेला माणूस पिशवीच्या तोंडाशी पोचतो, म्हणजे थेट १९९० च्या अमेरिकेत.

आणि मुलं? २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातल्या कलम १९४ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट सक्तीची आहे, नाहीतर एक हजाराचा दंड. प्रत्यक्षात जालना रोडवर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा आणि पुढच्या सीटवर मांडीवर किती पोरं दिसतात ते मोजा. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यानंतर दगावला. ती बातमी वाचताना मला १९५२ ची ती सात वर्षांची मुलगी आठवली. तिच्यापुढे दोन हात आले होते. आपल्या मुलांपुढे काय येणार, हे आपण त्यांना कुठे बसवतो त्यावर ठरतं. आणि मघाशी म्हटलं तसं, आपल्या बहुतेक गाड्यांच्या सीटला मूल आणि मोठा माणूस यांतला फरक कळतच नाही. तो आपल्यालाच कळायला हवा.

मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाचं सार एवढंच आहे. सीटखालची प्रत्येक वायर कोणाच्या तरी मृत्यूनंतर तिथे आली आहे. तो लाल दिवा म्हणजे यंत्राने प्रामाणिकपणे 'मला खात्री नाही' म्हणणं. असं प्रामाणिकपणे म्हणणारी माणसं कमी, यंत्रं त्याहून कमी. त्याचं तोंड बंद करण्याआधी त्याचं म्हणणं तरी ऐकावं.

करायचं काय, तर फार नाही. उद्या किल्ली फिरवाल तेव्हा बघा, तो दिवा पेटायला हवा आणि काही सेकंदांत विझायला हवा. पेटून राहिला तर फॉल्ट आहे. अजिबातच पेटला नाही, तर कोणीतरी दिवाच मारून टाकलेला असू शकतो, ते जास्त वाईट. जुनी गाडी घेताना एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा आणि सीटखाली टॉर्च मारून पिवळ्या वायरीवर काळी टेप दिसते का ते बघा. रेझिस्टर लावलेला असेल तर स्कॅनरला फसवता येतं, टॉर्चला नाही. सीट कव्हर घेताना सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर ती झाकली जाणार नाही याची खात्री करा. दुरुस्ती मात्र माहीतगाराकडूनच, घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. लहान मुलं मागच्या सीटवर, आणि बेल्ट सगळ्यांना, मागच्यांनासुद्धा.

असो, लांबलं जरा. पार्किंगमध्ये जाऊन दिवा बघून या, चहा तोवर निवत नाही.